आडरानांतील किल्ला

डोंगराच्या कड्यावर एक जुना किल्ला. खालीं दाट अरण्य. दिवस मावळतांना एक घोडागाडी दरवाजाशीं येऊन थांबते, आंतून एक अनाथ तरुणी उतरते, आणि तिच्यामागें दरवाजा बंद होतो. मग मध्यरात्रीं पावलें वाजतात, दिवा विझतो, भिंतीमागून कोणी कण्हल्यासारखें ऐकूं येतें. किल्ल्याचा धनी कठोर आणि अबोल असतो. आणि दूर कोठें तरी एक प्रियकर तिच्यासाठीं झुरत असतो. ही गोष्ट आपणांपैकीं कोणीं वाचली नसेल, अगर पडद्यावर पाहिली नसेल, असें मला वाटत नाहीं. अडीचशेंहून अधिक वर्षें ती निरनिराळ्या नांवांनीं सांगितली जात आहे, आणि अजून तिचा कंटाळा आलेला दिसत नाहीं.

मी शाळेंत शिकवीत होतों तेव्हां असल्या पुस्तकांविषयीं माझें मत मुळींच अनुकूल नव्हतें. एकदां वर्गांत एका मुलीच्या मांडीवर असें एक पुस्तक सांपडलें. तें मीं काढून घेतलें, आणि भुताखेतांत वेळ दवडूं नकोस, असें सर्वांदेखत तिला बोललों. ती हळूच म्हणाली, ‘‘गुरुजी, ह्यांत भूत नाहींच. तिला घरांत कोंडून ठेवलें आहे.’’ तें उत्तर मला उद्धटपणाचें वाटलें. पुढें निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हां ह्या प्रकारच्या कथांचीं मूळ इंग्रजी पुस्तकें वाचलीं, आणि ध्यानांत आलें कीं, जें त्या मुलीला एका वाक्यांत सांगतां आलें तें समजावयाला मला साठी गांठावी लागली. आज तेंच मला आपणांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम ‘किल्ला’ ह्या शब्दाचा थोडा खुलासा केला पाहिजे. किल्ला म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें रायगड, सिंहगड येतात. तट, बुरूज, तोफा आणि शिबंदी. युरोपांतील ज्या वास्तूंत ह्या कथा घडतात तीं मुख्यतः सरदारांचीं राहतीं घरें. आपल्याकडील गढी त्यांना अधिक जवळची. जाड भिंती, एकच मोठा दरवाजा, आंत मुदपाकखान्यापासून प्रार्थनामंदिरापर्यंत सर्व कांहीं, आणि आसपास वस्ती नाहीं. लढायांच्या काळीं ह्या भिंती शत्रूला बाहेर ठेवीत. पुढें लढाया संपल्या, पण भिंती राहिल्या. आणि जी भिंत परक्याला आंत येऊं देत नाहीं, तीच घरच्या माणसाला बाहेर जाऊं देत नाहीं. ह्या साध्या गोष्टींत साऱ्या भयकथेचें बीज आहे.

अशा कथांना ‘गॉथिक’ कथा म्हणतात. गॉथ हें रोमन साम्राज्यावर चालून आलेल्या लोकांचें नांव. पुढें मध्ययुगांतील टोंकदार कमानींच्या बांधणीला, ती रानटी आहे अशा तुच्छतेनें, हा शब्द लावण्यांत आला. अठराव्या शतकांत कांहीं हौशी इंग्रजांना तीच जुनी बांधणी आवडूं लागली. त्यांपैकीं एक होरेस वॉल्पोल. इंग्लंडचा पहिला मुख्य प्रधान मानला जाणारा सर रॉबर्ट वॉल्पोल ह्याचा हा मुलगा. १७४७ सालीं त्यानें लंडनजवळ ट्विकनहॅम येथें टेम्स नदीच्या कांठीं एक लहानसें घर घेतलें, आणि पुढें कित्येक वर्षें खपून त्याला छोट्या किल्ल्याचें रूप दिलें. त्या घराचें नांव स्ट्रॉबेरी हिल. तेथील लांब दालनाचें नक्षीदार छत दिसतें जुन्या देवळांतील दगडी छतासारखें. पण तें कागदाच्या लगद्याचें आहे.

ह्याच घरांत १७६४ सालच्या जूनच्या आरंभीं एका पहांटे वॉल्पोलला स्वप्न पडलें. आपण एका जुन्या किल्ल्यांत आहों, आणि मोठ्या जिन्याच्या अगदीं वरच्या कठड्यावर चिलखत घातलेला एक राक्षसी हात टेकलेला आहे, एवढेंच त्याला आठवत होतें. त्याच दिवशीं सायंकाळीं तो लिहावयाला बसला, आणि दोन महिने पुरे होण्याच्या आंत पुस्तक हातावेगळें झालें. ‘ऑट्रँटोचा किल्ला’ हें त्याचें नांव. १७६४ च्या डिसेंबरांत त्याच्या ५०० प्रति निघाल्या. लोक हंसतील ह्या भीतीनें त्यानें त्यावर स्वतःचें नांव घातलें नाहीं; उत्तर इंग्लंडमधील एका जुन्या घराण्याच्या ग्रंथसंग्रहांत सांपडलेल्या इटालियन पुस्तकाचें हें भाषांतर आहे, असा त्यानें बहाणा केला. लोकांना पुस्तक आवडलें, तेव्हां १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तींत तो पुढें आला. ऑट्रँटो हें गांव दक्षिण इटलींत खरोखरच आहे, आणि तेथें किल्लाहि आहे. पण वॉल्पोलनें तो पाहिलेला नव्हता.

कथा अशी. मॅन्फ्रेड नांवाच्या सरदाराचा मुलगा कॉनराड ह्याचें त्या दिवशीं लग्न आहे. लग्नाच्या आधींच आकाशांतून एक प्रचंड शिरस्त्राण पडतें, आणि मुलगा त्याखालीं चिरडला जातो. वंश बुडणार ह्या धास्तीनें मॅन्फ्रेड ठरवितो कीं, आपल्या बायकोला, हिपॉलिटेला, सोडावयाचें आणि सून होणाऱ्या इझाबेलेशीं आपणच लग्न करावयाचें. ती मुलगी किल्ल्याखालच्या भुयारांतून पळते. वाऱ्यानें दिवा विझतो, आणि ती अंधारांत चांचपडत जाते. तेव्हांपासून असल्या कथांत हें भुयार आणि हा विझणारा दिवा कायमचे ठाण मांडून बसले आहेत. पुढें तसबिरींतील पूर्वज चौकटींतून खालीं उतरतो, पुतळ्याच्या नाकांतून रक्त गळतें. आणि शेवटीं मॅन्फ्रेड इझाबेला समजून स्वतःच्याच मुलीला, मॅटिल्डेला, भोंसकतो. किल्ल्याच्या भिंती कोसळतात. मॅन्फ्रेडच्या आजानें मूळ मालकाला विष घालून ही दौलत बळकावली होती, असें उघड होतें. आणि शेतकरी म्हणून वावरणारा थिओडोर हाच खरा वारस ठरतो.

आज हें वाचतांना शिरस्त्राणाचें भय वाटत नाहीं. थोडें हंसूंच येतें. क्लॅरा रीव्ह नांवाच्या बाईनें १७७८ च्या सुमारासच तक्रार केली होती कीं, अद्भुताचा हा पसारा इतका अतिरेकी आहे कीं भीति वाटण्याऐवजीं हंसूं येतें. पण एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. त्या निरपराध कॉनराडचा बळी सोडला, तर ह्या कथेंतील भुतें न्यायाच्या बाजूचीं आहेत. बळकावलेलें घर मूळ धन्याला परत देण्यासाठीं तीं आलेलीं आहेत. हिपॉलिटेला, इझाबेलेला आणि मॅटिल्डेला ज्याच्यापासून धोका आहे तो जिवंत माणूस आहे. एकीचा तो नवरा, दुसरीचा होणारा सासरा, तिसरीचा बाप. वॉल्पोलनें हें जाणूनबुजून केलें असेल असें मी म्हणत नाहीं. परंतु त्यानें उघडलेल्या ह्या दरवाजांतून जी लेखिका आंत शिरली, तिला तें पुरतें कळलें होतें.

ती म्हणजे ॲन रॅडक्लिफ. योगायोग असा कीं, तिचा जन्म लंडनमध्यें १७६४ सालींच झाला. बाप साधा दुकानदार, नवरा वृत्तपत्राच्या धंद्यांतला. घरीं मूलबाळ नव्हतें. नवरा रात्रीं उशीरां येई, आणि बाई एकटी बसून लिही. १७९४ सालीं तिची ‘उडॉल्फोचीं रहस्यें’ ही चार भागांची कादंबरी निघाली. प्रकाशकानें तिला ५०० पौंड दिले, आणि १७९७ च्या ‘इटालियन’ ह्या कादंबरीला ८००. त्या काळीं कादंबरीला, तींतून बाईच्या कादंबरीला, ही रक्कम थक्क करणारी होती. इटलीचे डोंगर तिनें इतके वर्णिले. पण इटली तिनें कधीं पाहिली नाहीं. चित्रें पाहून आणि प्रवासवर्णनें वाचून तिनें आपले डोंगर उभे केले.

‘उडॉल्फो’चा काळ १५८४ सालचा. एमिली ही गॅस्कनींतील मुलगी. आईबाप वारल्यावर ती आत्याच्या हातीं जाते. आत्या श्रीमंत विधवा. ती माँटोनी नांवाच्या एका इटालियन माणसाशीं लग्न करते. एमिलीचें व्हॅलन्कूर ह्या तरुणावर प्रेम आहे, परंतु माँटोनी तें लग्न मोडून दोघींना आधीं व्हेनिसला आणि मग ॲपेनाईन पर्वतांतील उडॉल्फोच्या किल्ल्यांत घेऊन जातो. त्याची श्रीमंती पोकळ असते; आत्याच्या नांवानें फ्रान्समध्यें जी मालमत्ता आहे तिच्यावर त्याचा डोळा असतो.

पहिल्या रात्रीं एमिलीला एक दूरची खोली मिळते. ती दिवा घेऊन खोली तपासते. एका कोंपऱ्यांत दुसरें एक दार, आणि त्यापलीकडे खालीं जाणारा अरुंद जिना. ती दार लावूं पाहते, तों आंतल्या बाजूला कडी नाहीं. कड्या आहेत, दोन आहेत, पण त्या बाहेरच्या बाजूला. ती जड खुर्ची ओढून दाराला टेकवते आणि जागत पडते. सकाळीं पाहते तों रात्रींत कोणीं तरी तें दार बाहेरून बंद केलेलें.

श्रोतेहो, साऱ्या पुस्तकांत मला इतकें भयंकर दुसरें कांहीं वाटलें नाहीं. ह्यांत भूत नाहीं, रक्त नाहीं. एका दाराची कडी कोणत्या बाजूला आहे, एवढाच प्रश्न. पण त्या प्रश्नांत एमिलीची सारी अवस्था आली. आपण केव्हां झोंपावें, आपल्या खोलींत कोणीं यावें, आपण बाहेर केव्हां जावें, हें ठरविण्याचा अधिकार तिच्या हातीं नाहीं. पुढें एके रात्रीं काउंट मोरानो नांवाचा तिच्या मागें लागलेला माणूस त्याच जिन्यानें तिच्या खोलींत शिरतो. म्हणजे तिला वाटलेली भीति अगदीं रास्त होती.

आतां त्या प्रसिद्ध काळ्या पडद्याविषयीं. किल्ल्यांतील एका दालनांत भिंतीवर काळा रेशमी पडदा असतो. एमिली तो बाजूला सारते, आणि मूर्च्छित पडते. तिनें काय पाहिलें? बाई सांगत नाहींत. शेंकडों पानें उलटलीं तरी सांगत नाहींत. अखेरच्या भागांत उलगडा होतो कीं, तें मेणाचें प्रेत होतें. त्या घराण्यांतील एका पूर्वजाला पापक्षालनासाठीं, रोज तें किडकें प्रेत पाहण्याची शिक्षा धर्मपीठानें दिली होती. आणि वंशजांनीं ती मूर्ति जपून ठेवली नाहीं तर मालमत्तेचा कांहीं भाग धर्मपीठाकडे जाईल, अशी अट त्यानें मृत्युपत्रांत घातली होती. रॅडक्लिफबाईंच्या पुस्तकांत बहुतेक सर्व भुतांचा असाच लौकिक खुलासा होतो. पुष्कळ वाचक ह्यावर रागावले. एवढें घाबरविलें आणि शेवटीं मेण! पण नीट पाहिलें तर पडद्यामागच्या त्या मेणामागेंहि एक दस्तऐवजच निघतो.

खरें नाट्य पडद्याशीं घडत नाहीं, कागदांशीं घडतें. माँटोनी आत्याकडे सही मागतो. ती देत नाहीं. तो तिला बुरुजांत कोंडतो. तेथें ती आजारी पडून मरते, पण सही देत नाहीं. कथेच्या आरंभीं हीच आत्या उथळ आणि मानाला हपापलेली दाखविली आहे. मरतांना मात्र ती आपल्या हक्काला धरून राहते. तिच्या पश्चात् मालमत्ता एमिलीकडे येते, आणि मग माँटोनी तिच्यापुढें कागद ठेवतो. ही मूर्च्छा येणारी, कविता करणारी मुलगी त्याला शांतपणें सांगते कीं, ह्या बाबतींतला कायदा आपल्याला ठाऊक आहे, ही जिंदगी आपली आहे. पुढें धमक्या असह्य होतात, आणि सुटका मिळेल ह्या आशेनें ती सही करते. सही हातीं पडतांच माँटोनी तिला सोडण्याचें नाकारतो. जुलमी माणसाला दिलेल्या सहीनें दार उघडत नाहीं, हा धडा बाईंनीं किती शांतपणें दिला आहे! अखेर ती पळते ती नोकरांच्या आणि एका सहबंद्याच्या मदतीनें. प्रियकर व्हॅलन्कूर त्या वेळीं तेथें नसतोच. तो पॅरिसमध्यें जुगाराच्या नादीं लागून तुरुंगाची हवाहि खाऊन आलेला असतो. शेवटीं लग्न त्याच्याशींच होतें, पण तें एमिलीनें स्वतःला सोडविल्यानंतर.

हें सर्व इंग्लंडमधील घराघरांत का वाचलें गेलें, हें समजण्यासाठीं तेथील कायदा पाहिला पाहिजे. कायदेपंडित ब्लॅकस्टोन ह्याच्या ग्रंथाचा पहिला भाग १७६५ सालीं, म्हणजे ‘ऑट्रँटो’च्या दुसऱ्या आवृत्तीच्याच वर्षीं, निघाला. त्यांत सांगितलें आहे कीं, विवाहानें नवरा-बायको कायद्याच्या दृष्टीनें एक व्यक्ति होतात; बायकोचें स्वतंत्र अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वांत विलीन होतें. तिचा पैसाअडका त्याचा, तिची मिळकत त्याची. श्रीमंत घरांत लग्नापूर्वीं करार करून बायकोच्या नांवें कांहीं मालमत्ता वेगळी राखीत. आपल्या स्त्रीधनाशीं त्याचें थोडेंफार साम्य आहे. आत्या मरेपर्यंत जिला चिकटून राहिली ती अशीच राखीव मालमत्ता. विवाहितेला तिच्या कमाईवर हक्क देणारा कायदा इंग्लंडांत १८७० सालीं झाला, आणि आपली मालमत्ता स्वतःच्या नांवें बाळगण्याचा पुरा हक्क १८८२ च्या कायद्यानें मिळाला. म्हणजे ‘उडॉल्फो’ निघाल्यावर ८८ वर्षांनीं. इतकीं वर्षें ही कथा ज्या बायका दिव्याशीं बसून वाचीत होत्या, त्यांना ॲपेनाईन पर्वत अपरिचित होता. पण माँटोनी कांहींजणींना चांगला परिचित असावा.

हें मी मागाहून लादीत आहें असें कोणाला वाटूं नये. मेरी वुल्स्टनक्राफ्ट हिची एक अपुरी कादंबरी तिच्या मृत्यूनंतर १७९८ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभींच ती म्हणते कीं, भुतांनीं भरलेल्या किल्ल्यांचीं वर्णनें पुष्कळ झालीं, पण माझी नायिका जेथें बसली आहे त्या जागेपुढें तीं कांहींच नव्हेत. ती जागा म्हणजे वेड्यांचें इस्पितळ. नवऱ्यानें पैशासाठीं एका शहाण्यासुरत्या बाईला तेथें कोंडलें आहे आणि तिचें तान्हें मूल काढून घेतलें आहे.

आणि जेन ऑस्टिन! तिची ‘नॉर्थँगर ॲबी’ ही कादंबरी ह्या कथांची थट्टा म्हणून ओळखली जाते. ती तिच्या मृत्यूनंतर १८१७ च्या डिसेंबरांत निघाली. कॅथरिन ही भोळी मुलगी ‘उडॉल्फो’ वाचून जनरल टिल्नीच्या घरीं पाहुणी जाते. रात्रीं कपाटांत कागदांची गुंडाळी सांपडते. रहस्य म्हणून ती काळजाशीं धरते, आणि सकाळीं पाहते तों धोब्याचे हिशेब! मग जनरलनें बायकोचा जीव घेतला असावा असा ती संशय घेते, आणि त्याच्या मुलाकडून बोलणीं खाते. येथपर्यंत थट्टा. पण पुढें काय होतें? कॅथरिन श्रीमंत नाहीं हें कळतांच तोच जनरल त्या मुलीला सकाळीं सकाळीं घराबाहेर काढतो. सत्तर मैलांची वाट, सोबत कोणी नाहीं, आणि प्रवासाला पैसेहि मैत्रिणीकडून घ्यावे लागतात. त्यानें खून केलेला नव्हता; पण माणूस कोणत्या जातीचा आहे, हें कॅथरिननें बरोबर ओळखलें होतें. कादंबऱ्यांनीं तिला खोटीं भुतें दाखविलीं, हें खरें. पण खऱ्या लोभाचा वासहि तिला त्यांनींच शिकविला.

भीतीचें काम कसें चालतें, ह्याविषयीं रॅडक्लिफबाईंचें एक टिपण त्यांच्या मृत्यूनंतर १८२६ सालीं छापलें गेलें. त्यांत त्यांनीं दोन प्रकार वेगळे केले आहेत. अंधुक, अर्धवट दिसणाऱ्या संकटाची जी धास्ती, ती मनाला विस्तारते, सर्व शक्ति जाग्या करते. उघड्या, किळसवाण्या दृश्याची जी दहशत, ती मनाला आंखडून गोठवून टाकते. एडमंड बर्कनें १७५७ सालींच लिहिलें होतें कीं, भयाला अस्पष्टपणा लागतो, आणि संकट थोडें दूर असलें तरच त्या भयांत गोडी येते. म्हणून एमिली घाबरते, पण दिवा घेऊन खोली तपासते. धास्ती तिला डोळे मिटावयाला लावीत नाहीं, उघडावयाला लावते. आजच्या पुष्कळशा भयपटांत दुसऱ्या प्रकाराचीच रेलचेल असते. दहशत बसते, पण मन कांहीं शिकत नाहीं.

पुढें हा किल्ला अनेक रूपें घेत गेला. शार्लट ब्राँटेच्या १८४७ च्या ‘जेन एअर’मध्यें तो इंग्लंडमधील एक जमीनदाराचें घर झाला, आणि माळ्यावरच्या हंसण्यामागें भूत नव्हे, तर धन्याची कोंडलेली वेडी बायको निघाली. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’त भूत खरेंखुरें आलें, पण तेथेंहि तरुण वकिलाला खरा धक्का बसतो तो रक्तानें नव्हे. एकेक दार ढकलून पाहिल्यावर तीं सारीं बंद आहेत, आपण पाहुणे नसून कैदी आहों, हें कळतें तेव्हां तो हादरतो.

आपल्या मराठींत ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) ह्या पहिल्या अद्भुतरम्य कादंबऱ्या. त्यानंतर हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ‘करमणूक’ पत्रांतून येऊं लागली. तींत ना किल्ला, ना भुयार. चारचौघांसारखें घर आहे, आणि वैधव्य आलेल्या यमूचें जबरीनें केलेलें केशवपन आहे. ती वाचतांना अंगावर जो शहारा येतो तो उडॉल्फोच्या शहाऱ्याचा सख्खा भाऊ आहे. हरिभाऊंनीं पडदा बाजूला सारून थेट घरच दाखविलें, एवढेंच.

तेव्हां घरांतील मुलगी असलें पुस्तक घेऊन बसली तर काय करावें, असें कोणी मला आज विचारलें तर मी सांगेन, पुस्तक काढून घेऊं नका. पुस्तक हलकें असेल, चांगलें असेल. तें वाचून झाल्यावर तिच्याजवळ बसा आणि एवढेंच विचारा, ‘‘भीति नेमकी कशाची वाटली?’’ भुताची म्हणाली तर हंसून सोडून द्या. पण दार बाहेरून लावलेलें होतें त्याची, असें म्हणाली, तर तिचें वाचन वायां गेलें नाहीं असें समजा. आणि मग उठून आपल्याच घरांतून एकदां फेरी मारा, आणि कोणत्या खोलीची कडी कोणत्या बाजूला आहे तें पाहा.

त्या मुलीचें पुस्तक मीं वर्ष संपल्यावर परत केलें. तिनें तें मुकाट्यानें घेतलें. तें परत देतांना एवढा एक प्रश्न तिला विचारावयाचा मात्र राहून गेला.